विंचेस्टर 1873 ला पॉलिश करावे का?

प्रश्न : ओहायोमध्ये आमच्या शेजारी राहणारे एक आजोबा गेल्यानंतर त्यांच्या मुलीने त्यांची विंचेस्टर कंपनीची जुनी लिव्हर-ॲक्शन (खालचा दांडा ओढून काडतूस भरण्याची) रायफल आठवण म्हणून आम्हाला दिली. घोड्यामागच्या पट्टीवर 'मॉडेल 1873' असे कोरलेले आहे. अष्टकोनी नळी तपकिरी पडली आहे आणि दस्ताही काळवंडला आहे. पॉलिश करून घेतल्यास किंमत वाढेल का? मुळात ती किती असावी?

उत्तर : पॉलिश करू नये, हे सर्वप्रथम सांगतो, कारण हौसेने चकचकीत केलेल्या बंदुकीची संग्राहकांच्या लेखी किंमत बहुधा घटते, आणि एकदा घासून गेलेला मूळ मुलामा परत आणता येत नाही. मात्र त्याहीआधी ती रिकामी असल्याची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी, कारण नळीखालच्या लांब नळकांड्यात जुनी काडतुसे राहिलेली असू शकतात.

आपण पाठवलेल्या छायाचित्रांत एक गोष्ट आशादायक वाटते. दस्त्याचे लाकूड जिथे धातूला भिडते, तिथे ते धातूहून किंचित उंच दिसते. कारखान्यातून निघताना ते तसेच असे; कोणी सँडपेपर मारला असता तर ते धातूच्या पातळीला किंवा तिच्याही खाली गेले असते. याउलट, बाजूच्या पत्र्यावरील स्क्रूची खाच चेचलेली आहे, म्हणजे कोणीतरी चुकीच्या पेचकसाने तो उघडला आहे. अष्टकोनी नळीच्या कडा बोटाला अजून धारदार लागतात का, की साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या आहेत, हे आपणच तपासावे. नळीवरील अक्षरे पुसट असल्यास ती पूर्वी घासली गेल्याचा संशय घ्यावा. रिसीव्हरवरचे (यंत्रणा सामावणाऱ्या मधल्या धातूच्या भागावरचे) सरकते झाकण अनेक रायफलींवरून हरवलेले असते, म्हणून ते जागेवर आहे का तेही पाहावे.

नळीच्या आतील भागाकडे मात्र थोड्या उदारपणे पाहावे. ही रायफल काळ्या दारूच्या काळातली असून त्या दारूची राख ओल धरते, त्यामुळे आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) खड्डेदार झालेले असणे नवलाचे नाही. संग्राहक बहुधा बाहेरच्या मूळ मुलाम्याला अधिक पैसे मोजतात. अमेरिकेतील नॅशनल रायफल असोसिएशनच्या जुन्या शस्त्रांसाठीच्या प्रतवारीत मूळ मुलामा 30 टक्क्यांहून अधिक उरला असेल तर 'फाइन' आणि 80 टक्क्यांहून अधिक असेल तर 'एक्सलंट' म्हणतात. आपल्या वर्णनावरून ही रायफल त्याखालच्या श्रेणीत बसेल.

लिव्हरमागच्या खालच्या पट्टीवरील अनुक्रमांक टिपून घ्यावा. वायोमिंगमधील कोडी येथील संग्रहालयात विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या आहेत आणि शुल्क भरल्यास त्यांतील तपशिलाचे पत्र मिळते. नळी, काडतुसाचा व्यास आणि चाप या नोंदीशी जुळल्यास मूल्य वाढते. कारखान्याचे वर्षही महत्त्वाचे आहे, कारण 1898 अखेरपर्यंत बनलेले शस्त्र अमेरिकेच्या संघीय कायद्यात 'अँटिक' ठरते. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात.

छायाचित्रांवरून आकडा सांगणे मला प्रामाणिक वाटत नाही. लिलावगृहांनी प्रत्यक्ष विकलेल्या तशाच रायफलींच्या किमती पाहाव्यात. दुकानदारांनी मागितलेल्या किमतींवर विसंबू नये. लेखी मूल्यांकन करणाऱ्याने तीच रायफल विकत घ्यायची तयारी दाखवली, तर दुसऱ्याचेही मत घ्यावे. तोवर धातूवर बंदुकीच्या तेलाचा पातळ हात फिरवून ती कोरड्या जागी ठेवावी, कातडी म्यानात मात्र ठेवू नये, कारण कातडे ओल धरते.