खासदारांनी आमच्या रेल्वे फाटकावरच्या पुलाचा प्रश्न ‘संसदेत मांडला’ म्हणे, त्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओही पाहिला. म्हणजे नेमकं काय झालं?

तुम्ही जो दोन मिनिटांचा व्हिडिओ पाहिलात, तो बहुधा शून्य प्रहरातला, म्हणजे सदस्य तातडीचे विषय थोडक्यात मांडतात त्या वेळेतला असणार. मी दोन अधिवेशनं एका खासदारांच्या दिल्लीच्या कार्यालयात प्रश्न लिहून द्यायचं काम केलंय, त्यावरून सांगतो.

शून्य प्रहर नियमांच्या पुस्तकात नाहीच, तो प्रथेने आला. विषय आधी कळवायचा, नाव पुकारलं की बोलायचं. मंत्र्याने उत्तर दिलंच पाहिजे असं बंधन नाही. मतदारसंघात दाखवायला मात्र तो सगळ्यात सोयीचा. लोकसभेत नियम 377 खाली 250 शब्दांपर्यंतचं निवेदन देता येतं, त्याला पुढे मंत्रालयाचं लेखी उत्तर येतं.

खरं काम होतं ते प्रश्नांत. लोकसभेत रोज 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न लागतात. त्यांचा क्रम सोडतीने ठरतो आणि नोटीस किमान 15 दिवस आधी द्यावी लागते. तारांकिताला मंत्री उभं राहून उत्तर देतात, त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. पण तासाभरात त्यातले मोजकेच पुकारले जातात. अतारांकिताला नुसतं लेखी उत्तर. कोणी टाळ्या वाजवत नाही, पण आकडा कागदावर येतो.

असंच एका फाटकाचं प्रकरण आमच्याकडे आलं होतं. मी पहिला मसुदा केला, ‘पूल का रखडला आहे?’ खासदारांचे जुने स्वीय सहायक हसले. म्हणाले, “याचं उत्तर मीच देतो. काम नियमानुसार प्रगतीपथावर आहे.” मग त्यांनी तुकडे पाडायला लावले: मंजुरी कधी, रक्कम किती, आजवर खर्च किती, काम कोणत्या टप्प्यावर आणि कशामुळे थांबलं. उत्तरात कळलं की पैसे मंजूर होऊन पडले होते, जमिनीची मोजणी खाली, स्थानिक पातळीवर अडली होती. आम्ही तोवर भलत्याच दारावर धडका मारत होतो.

‘माहिती गोळा केली जात आहे’ असं उत्तर आलं तरी हिरमुसायचं कारण नाही. ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं, आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते.

विषय मोठा असेल तर पुढची हत्यारं आहेत. लक्षवेधी सूचनेवर, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या नोटिशीवर, मंत्र्याला निवेदन करावं लागतं. नियम 193 खाली चर्चा होते, पण मतदान नाही. स्थगन प्रस्तावाला, म्हणजे ठरलेलं कामकाज बाजूला ठेवून तातडीचा विषय घेण्याच्या प्रस्तावाला, 50 सदस्यांचा पाठिंबा लागतो आणि तो फक्त लोकसभेत येतो. एका पुलासाठी यातलं काही मिळणार नाही, उगाच आशा धरू नका. पण साध्या प्रश्नाला कमी लेखू नका. 1957 साली आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशांबद्दल लोकसभेत प्रश्न आले, खासदार फिरोज गांधींनी विषय लावून धरला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांची चौकशी बसली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला.

तुमच्यापुरतं सांगायचं तर खासदारांकडे निवेदन घेऊन जाताना पन्नास सह्यांपेक्षा फाटकाचा क्रमांक न्या, म्हणजे प्रश्न नेमका विचारता येईल. तो गेटमनच्या खोलीवर रंगवलेला असतो.