खाते बंद करण्यापूर्वी

सोलापूर, गड्ड्याच्या यात्रेचे दिवस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

खेळाडूंविरुद्धच्या तक्रारी निकाली काढण्याचे काम गेमच्या कंपनीत तुला मिळाले, आणि एखाद्याचे खाते कायमचे बंद करताना मन कचरते, असे तू लिहिले आहेस. ते कचरू दे. मला गेममधले काही कळत नाही, परंतु येथील कामगार न्यायालयात मी तीस वर्षे गिरणी कामगारांचे खटले चालवले आणि माणसाला काढून टाकण्याच्या बऱ्यावाईट सगळ्या रीती जवळून पाहिल्या.

एका गिरणीने सूत चोरल्याच्या संशयावरून एका कामगाराला निलंबित केले आणि त्याच दिवशी त्याचे नाव गेटवरच्या फळ्यावर लावले. पुढे रीतसर चौकशीत तो निर्दोष ठरला व कामावरही परतला. पण फळ्यावर त्याचे नाव वाचणाऱ्यांपैकी किती जणांनी चौकशीचा निकाल वाचला असेल? वाल्व्ह कंपनीच्या स्टीम या गेम विकत घेण्याच्या व खेळण्याच्या मंचावर फसवणुकीबद्दलची बंदी खेळाडूच्या प्रोफाइलवर सर्वांना दिसते, हे तुझ्याच पत्रातून कळले तेव्हा मला तो फळा आठवला. याच कंपनीने 2010 च्या जुलैत सुमारे 12,000 खेळाडूंवर चुकून बंदी घातली होती. गेम अद्ययावत होत असताना डिस्कवरची फाइल आणि मेमरीतील तिची प्रत जुळली नाही, आणि यंत्रणेने त्यालाच लबाडी मानले. कंपनीने बंदी उठवली, क्षमा मागितली आणि भरपाई म्हणून एक गेमही फुकट दिला, हे तिच्या पदरात टाकले पाहिजे. मात्र एकट्यादुकट्यावर असा अन्याय होतो, तेव्हा तो इतक्या लवकर कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे पत्र लिहीत आहे, ती सांगतो. ‘गोपनीयतेच्या कारणास्तव तपशील देता येत नाही’ हे तयार वाक्य तुम्ही ज्याच्यावर कारवाई झाली त्यालाच पाठवता, हे मला मुळीच पटले नाही. गोपनीयता त्या खेळाडूची आहे. तिच्या आडून त्याच्यापासूनच त्याचा अपराध लपवण्याचा अधिकार कंपनीला कोठून मिळाला? चारचौघांना काही सांगू नये आणि त्याला मात्र सर्व सांगावे, असा हा क्रम आहे. बहुतेक ठिकाणी तो नेमका उलटा चालतो. कोणता सामना, कोणती वेळ, कोणता संदेश आणि कोणता नियम, एवढे त्याला कळलेच पाहिजे. गिरणीच्या आरोपपत्रात तक्रारदाराचे नाव येई, कारण उलटतपासणी व्हायची असे. तुझ्याकडे मात्र ते झाकून ठेवावे, कारण नाव कळल्यावर सूड घेणारे पुष्कळ असतात. युरोपच्या डिजिटल सेवा कायद्यानुसार कारवाईचा आधार आणि त्यात स्वयंचलित यंत्रणेचा वापर झाला का, हे लेखी कळवावे लागते. आपल्याकडे 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत तक्रारीची पोच 24 तासांत आणि निकाल 7 दिवसांत (2026 च्या दुरुस्तीपूर्वी 15 दिवसांत) देण्याचे बंधन मध्यस्थ, म्हणजे इतरांचा मजकूर पोचवणाऱ्या, कंपन्यांवर आहे. परंतु निकालात कारणच नसेल, तर पुढे अपील करणाऱ्याने खोडून तरी काय काढायचे?

चौकशीच्या निमित्ताने किती माहिती गोळा करावी, यावर तू फारसे लिहिलेले नाहीस. शिवीगाळीच्या तक्रारीसाठी त्या सामन्यातील संभाषण पुरते. त्या खेळाडूची वर्षभराची गप्पाष्टके वाचण्याचे कारण नाही. तसेच फोनवरच बंदी घालण्यापूर्वी आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या कामगारवस्तीतले एखादे घर डोळ्यांपुढे आण. तिथे एका फोनवर तीन भावंडे खेळतात. लबाडी थोरल्याने केली आणि फोन बाद झाला, तर धाकटीने कोणता गुन्हा केला? बंदी खात्यापुरती ठेव, आणि अपील ज्याने बंदी घातली नाही अशा सहकाऱ्याकडे जाऊ दे. आमच्याकडे आरोप ठेवणाराच चौकशी अधिकारी होऊन बसे, त्या प्रकरणांत माझे अर्धे काम कागद उघडताच होऊन जाई.

शिस्त नको, असे मी म्हणत नाही. मुलींना घाणेरडे संदेश पाठवणाऱ्याला त्याच क्षणी बाहेर काढ. चौकशी नंतर कर, पण कर.

तुम्ही पाठवता त्या बंदीच्या पत्राचा एक नमुना मला पाठव. मजकुरावर खुणा करून परत करीन. पाठवण्यापूर्वी खेळाडूचे नाव आणि खात्याचा क्रमांक खोडून टाक.

तुझा,
काका