दारात आलेल्या दोघांशी काय बोलावं?

मॉर्मन, म्हणजे जोसेफ स्मिथ यांनी अमेरिकेत स्थापलेल्या पंथाच्या, प्रचारकांशी बोलण्याबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : छातीवर नावाची पट्टी लावलेले दोन तरुण आले, पुन्हा येऊ का म्हणाले. योहानाच्या दुसऱ्या पत्रात, १० व्या वचनात, खोटं शिक्षण आणणाऱ्याला घरात घेऊ नका असं आहे. बोलवावं की नाही?

बोलवा, पण एकट्याने बसू नका. त्या काळी मंडळ्या घरातच भरत आणि फिरत्या शिक्षकाच्या मुक्कामाची, जेवणाची सोय विश्वासी लोक करत. अशा शिक्षकाला घरात घेणं म्हणजे त्याच्या शिकवणीला हातभार लावणं. समोर बसवून प्रश्न विचारणं हा हातभार नव्हे. मात्र नुकताच विश्वासात आलेला माणूस असेल, तर त्याच्याबरोबर शास्त्र जाणणारं कुणीतरी हवंच.

तरुण मुलं २४ महिन्यांच्या आणि मुली १८ महिन्यांच्या सेवेवर असतात, कायम जोडीने. मुलांच्या पट्टीवर ‘एल्डर’ (वडील) असतं. वय विशीचं असलं तरी त्याच नावाने हाक मारा. ‘मॉर्मन’ हा शब्द टाळा असं त्यांच्याच अध्यक्षांनी २०१८ मध्ये सांगितलं, तेव्हा तोंडावर तो नको. चहा-कॉफी त्यांना वर्ज्य आहे, पाणी द्या. पाऊण तासाच्या वर बैठक नेऊ नका. विषय एकच घ्या आणि तो आधी कळवा. नाहीतर त्यांचा ठरलेला पाठ सुरू होतो आणि तुम्ही नुसते श्रोते उरता. आरंभीची प्रार्थना तुम्ही करा.

प्रश्न : मी त्यांना त्रैक्य समजावताना पाणी, बर्फ आणि वाफेचं उदाहरण दिलं. त्यांनी लगेच येशूचा बाप्तिस्मा काढला आणि मी अडकलो. चूक कुठे झाली?

उदाहरणातच. तेच पाणी कधी बर्फ होतं, कधी वाफ. म्हणजे एकच व्यक्ती तीन रूपं घेते असा त्याचा अर्थ निघतो. ती शिकवण मंडळीने तिसऱ्या शतकातच नाकारली होती. मत्तय ३:१६-१७ मध्ये पुत्र पाण्यातून वर येतो, आत्मा उतरतो, बापाची वाणी होते, तिघे एकाच वेळी. प्रचारकाने ते वचन काढलं ते योग्यच होतं, फक्त त्याने जे खोडलं ते ख्रिस्ती शिक्षण नव्हतंच. उदाहरणं सोडा आणि तीन वाक्यं म्हणा : देव एकच आहे; बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघेही देव आहेत; बाप म्हणजे पुत्र नव्हे, पुत्र म्हणजे आत्मा नव्हे.

मग त्यांच्याकडे वळा. ‘एक देव’ म्हटलं की तेही मान डोलावतात, म्हणून विचारा : ‘एक म्हणजे एकच अस्तित्व, की एका हेतूने चालणारे तिघे वेगवेगळे?’ उत्तर दुसऱ्या पर्यायाचं येईल. ‘सिद्धांत आणि करार’ या त्यांच्या ग्रंथात, १३०:२२ मध्ये, पित्याला माणसासारखंच हाडामांसाचं शरीर आहे असं लिहिलंय. इथे यशया ४३:१० आणि ४४:६-८ काढा आणि त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही वाचून दाखवलंत तर ते तुमचं मत ठरतं. ‘माझ्यापूर्वी देव झाला नाही, माझ्यानंतर होणार नाही’ या आशयाचं ते वचन आहे. वाचून झाल्यावर एवढंच विचारा : ‘देवाच्या आधी कुणी देव होता का? पुढे माणूस देव होईल का?’ आणि गप्प बसा. बहुतेक जण इथेच घाई करतात, उत्तर येण्याआधी दुसरं वचन टाकतात.

त्यांच्याकडून दोन वचनं येतील. १ करिंथ ८:५ मध्ये ‘पुष्कळ देव’ आहेत. तिथे ४ थ्या वचनापासून ६ व्यापर्यंत वाचा, विषय मूर्तींचा आहे. योहान १०:३४ (‘तुम्ही देव आहा’) साठी स्तोत्र ८२ उघडा. ज्यांना ‘देव’ म्हटलंय ते अन्यायाने न्याय करणारे आहेत आणि ७ व्या वचनात त्यांना ‘माणसांसारखे मराल’ असं सांगितलंय.

एक गोष्ट फार जण वापरत नाहीत. १८३० मध्ये छापलेला, बायबलच्या जोडीला ते शास्त्र मानतात तो ‘मॉर्मनचा ग्रंथ’ त्यांच्या नंतरच्या शिकवणीपेक्षा एकेश्वरवादाच्या जवळ आहे. त्यातल्या आल्मा या भागात, ११:२८-२९ मध्ये, ‘एकाहून अधिक देव आहेत का?’ असा थेट प्रश्न आहे आणि उत्तर ‘नाही’ असं आहे. त्यातलंच मोरोनी ८:१८ म्हणतं, देव अनादिकाळापासून अनंतकाळापर्यंत बदलत नाही. देव एके काळी आपल्यासारखा होता, हे जोसेफ स्मिथ यांनी ७ एप्रिल १८४४ च्या भाषणात सांगितलं. ते भाषण त्यांच्या प्रमाणग्रंथांत नाही, त्यामुळे ते पुढे करून भांडू नका. ‘ते आमचं शास्त्र नाही’ एवढं म्हणून ते सुटतील, आणि त्यात खोटं काही नाही. आल्मा आणि मोरोनी मात्र त्यांच्या हातातल्या पुस्तकातच आहेत.

प्रश्न : ग्रंथ वाचून प्रार्थना करा, देव खरं काय ते मनात कळवेल, असं ते म्हणतात. प्रार्थनेला नाही कसं म्हणायचं?

हे आवाहन मोरोनी १०:४ वरून येतं, जोडीला याकोब १:५. ‘मी प्रार्थना केली, मला नाही असं उत्तर आलं,’ हे मात्र सांगू नका. मोरोनीच्या त्या वचनात ‘प्रामाणिक अंतःकरणाने’ ही अट आहे, तेव्हा नकारार्थी उत्तर आलं की दोष विचारणाऱ्याचा ठरतो.

याकोब १ ला अध्याय २ ऱ्या वचनापासून वाचा : परीक्षेत टिकण्यासाठी ज्ञान मागा, असा तो ओघ आहे. एखादं पुस्तक देवाचं आहे का, हा तिथला प्रश्नच नाही. मग प्रेषितांची कृत्ये १७:११ दाखवा. बिरुयातल्या लोकांनी पौलाचं बोलणं शास्त्राशी ताडून पाहिलं आणि त्यांची स्तुती झाली. त्यांच्या अनुभवाची थट्टा नको, फक्त एक विचारा. मिझुरीतल्या इंडिपेंडन्स इथे मुख्यालय असलेली ‘कम्युनिटी ऑफ क्राइस्ट’ही मॉर्मनचा ग्रंथ वापरते, पण तिचा संदेष्टा वेगळा आहे. तिथल्या सभासदाला मनात तशीच खात्री वाटत असेल, तर कुणाची खरी, हे कशावरून ठरवायचं?

प्रश्न : ‘आम्हीही कृपेनेच तारण मानतो,’ असं ते म्हणतात. मग फरक काय?

मॉर्मनच्या ग्रंथातल्या २ नेफी २५:२३ मध्ये कृपेने तारण होतं, ‘आपण जे काही करू शकतो ते सर्व केल्यानंतर’, असं आहे. यावर तुटून पडू नका. ‘नंतर’ म्हणजे ‘त्यामुळे’ नव्हे, असं त्यांचे नेते डीटर उख्तडॉर्फ यांनी २०१५ च्या सर्वसाधारण परिषदेत सांगितलंय, आणि प्रचारकाला ते ठाऊक असू शकतं. मोरोनी १०:३२ वाचायला द्या. सर्व अभक्ती सोडाल, देवावर पूर्ण मनाने प्रेम कराल, ‘तेव्हा’ कृपा पुरेशी, असा तिथला क्रम आहे. विचारा : ‘एल्डर, तुम्ही सर्व सोडलंय? आज मेलात तर पित्याजवळ जाल?’ ‘स्वर्गात जाल का’ असं विचारू नका; त्यांच्या शिकवणीत गौरवाची तीन राज्यं आहेत आणि जवळजवळ सगळेच त्यांतल्या एकात जातात, त्यामुळे उत्तर सहज ‘हो’ येईल. पिता असतो तो सर्वांत वरच्या राज्यात.

‘प्रयत्न करतोय’ हे उत्तर बहुधा येतं, आणि त्यात थकवा असतो. तिथे जिंकल्यासारखं करू नका. रोमकरांस ४:४-५ (काम न करता विश्वास ठेवणाऱ्याचा विश्वास नीतिमत्त्व गणला जातो) वाचा, मग इफिसकरांस २:८-१०. १० वं वचन गाळलंत तर ते याकोब २ (कृत्यांवाचून विश्वास मृत) उघडतील. सत्कृत्यं तारणाचं मूळ नसून फळ आहेत, हे १० व्यातच आहे.

प्रश्न : त्यांच्या सुरुवातीच्या काळातलं बहुपत्नीत्व, स्मिथ यांनी इजिप्तच्या पपायरसवरून भाषांतरित केलं असं सांगितलेलं अब्राहामाचं पुस्तक, हे काढावं का?

पहिल्या भेटीत नाही. घरापासून दूर असलेल्या मुलाला तो छळ वाटतो, आणि छळ झाला की आपण बरोबर आहोत अशी त्याची खात्री वाढते. त्याने स्वतः विचारलं तर नेमकं सांगा. १८३५ मध्ये ओहायोतल्या कर्टलंड इथे चार ममी आणि हे पपायरस स्मिथ आणि त्यांच्या अनुयायांनी २४०० डॉलरला घेतले. त्यांतले काही तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडून १९६७ मध्ये त्यांच्या चर्चकडे आले. त्यांवरची अक्षरं अब्राहामाच्या पुस्तकाशी जुळत नाहीत, हे चर्चच्या स्वतःच्या लेखातही मान्य केलेलं आहे. ऐकीव गोष्टी आणि मंदिरातल्या वस्त्रांची टवाळी पूर्ण वर्ज्य. आणखी एक धोका आहे : स्मिथवरचा विश्वास उडाला की अनेकांचा ख्रिस्तावरचाही उडतो. म्हणून हे सांगाल त्याच बैठकीत रोमकरांस ४ ही उघडा.

निघताना वचनांचे आकडे कागदावर लिहून द्या. या मुलांच्या बदल्या सहा आठवड्यांच्या टप्प्याने होतात. पुढच्या वेळी दारात दुसराच एल्डर असू शकतो.