कॅनडात बिऱ्हाड कोठे मांडावे?

कॅनडात कायम निवासासाठी निघालेल्या वाचकांच्या पत्रांत गेले काही महिने एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत आहे : शहर कसे निवडावे? त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : आम्हाला एक्स्प्रेस एन्ट्रीतून (कुशल कामगारांना गुणांच्या आधारे निवडण्याच्या कॅनडाच्या पद्धतीतून) कायम निवास मंजूर झाला आहे. मी अकरा वर्षे बँकिंग सॉफ्टवेअरमध्ये आहे. पत्नी बी.फार्म. असून रुग्णालयाच्या फार्मसीत नोकरी करते. मुलगी चार वर्षांची आहे. मेव्हणे टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला राहतात आणि शेजारीच घर घ्या, असा त्यांचा आग्रह आहे. मित्रांचे म्हणणे असे, की कॅलगरीत भाडे कमी आहे आणि प्रांतिक विक्रीकरही नाही. पत्नीला गाडी चालवता येत नाही. आम्ही कोठे जावे?

उत्तर : आपल्या पत्रात भाडे, कर आणि मेव्हण्यांचे घर यांचा सविस्तर ऊहापोह आहे, पत्नीच्या व्यवसायाविषयी मात्र एकच ओळ आहे, आणि माझ्या मते आपला सगळा निर्णय त्या एका ओळीवर ठरायला हवा. ज्या व्यक्तीला आपला व्यवसाय परक्या देशात नव्याने उभा करणे सर्वांत अवघड जाणार आहे, तिच्या सोयीने कुटुंबाने शहर निवडावे, असे मी इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर ठामपणे सांगतो. आपले काम परवान्यावाचून सुरू होईल. त्यांचे होणार नाही. कॅनडात फार्मासिस्ट हा नियंत्रित व्यवसाय आहे आणि त्याचा परवाना प्रांत देतो. क्वेबेक वगळता सर्वत्र त्याआधी फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड ऑफ कॅनडाचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. त्यासाठी आधी कागदपत्रांची तपासणी होते, मग मूल्यमापन परीक्षा आणि त्यानंतर पात्रता परीक्षेचे दोन भाग द्यावे लागतात. यांपैकी दुसऱ्या भागात रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीशी समोरासमोर बोलून सल्ला द्यायचा असतो. पुढे प्रांताची कायदेविषयक परीक्षा आणि देखरेखीखालचे प्रत्यक्ष काम असते. यात दोन वर्षे सहज जातात. एक्स्प्रेस एन्ट्रीसाठी करून घेतलेले पदवीचे मूल्यांकन म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे, हे अनेकांना तेथे पोहोचल्यावर कळते. पतीच्या नोकरीमागे शहर धरले आणि पत्नीची अभ्यासाची पुस्तके खोक्यातून बाहेरच आली नाहीत, अशी तीन घरे माझ्या परिचयाची आहेत, आणि तिन्ही घरांतील त्या स्त्रिया आपापल्या विषयात उत्तम होत्या.

तेव्हा त्यांना दोन वर्षे कशाची गरज पडेल, ते पाहू. दिवसाचे चार-पाच निवांत तास लागतील. फार्मसी असिस्टंटची अर्धवेळ नोकरी लागेल. या पदाला परवाना लागत नाही, आणि तेथील औषधांची नावे, विमा कंपन्यांची बिले व ग्राहकाशी बोलण्याची रीत तेथेच अंगवळणी पडते. आणि या दोन्हींसाठी गाडीवाचून घराबाहेर पडता यायला हवे.

निवांत तासांच्या बाबतीत आपल्या मुलीचे वय निर्णायक आहे. टोरंटो आणि ब्रॅम्प्टन ज्या प्रांतात आहेत त्या ऑन्टारिओत सरकारी शाळांचा पूर्णवेळ, विनाशुल्क बालवर्ग मूल ज्या कॅलेंडर वर्षात चार वर्षांचे होते त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून सुरू होतो. कॅलगरीच्या प्रांतात, म्हणजे आल्बर्टात, तो साधारण पाचव्या वर्षी सुरू होतो आणि बहुतेक ठिकाणी अर्धवेळ असतो. भाड्यातला फरक मोजणारे आपले मित्र हा फरक मोजत नाहीत. मुलगी शाळेत असतानाचे ते तास पाळणाघराचा खर्च न करता आपल्या पत्नीला अभ्यासासाठी मिळतील. माझा कौल त्यामुळे ऑन्टारिओला आहे. त्यात आपलाही तोटा नाही, कारण देशातील पाचही मोठ्या बँकांचा कारभार प्रामुख्याने टोरंटोच्या बे स्ट्रीट परिसरातून चालतो. कॅलगरीचे कमी भाडेही गृहीत धरू नये : आल्बर्टात भाडेवाढ वर्षातून एकदाच करता येते, परंतु ती किती करावी यावर कायद्याची मर्यादा नाही. ऑन्टारिओत अशी मर्यादा आहे, मात्र १५ नोव्हेंबर २०१८ नंतर प्रथम राहण्यासाठी वापरात आलेली घरे तिच्यातून वगळलेली आहेत. म्हणून चकचकीत नव्या इमारतीपेक्षा जुन्या इमारतीतले घर शोधावे.

राहिला मेव्हण्यांचा आग्रह. पहिले सहा आठवडे त्यांच्याकडे जरूर राहावे. आपली ओळख, बँकेचे खाते, सामाजिक विमा क्रमांक, पहिला हिवाळी कोट या सगळ्यांत घरच्या माणसाचा आधार मोलाचा असतो. घर मात्र टोरंटो शहराच्या हद्दीत, टीटीसीच्या (शहराच्या सार्वजनिक वाहतूक सेवेच्या) भुयारी रेल्वेपासून किंवा वर्दळीच्या बसमार्गापासून चालत पाच मिनिटांवर घ्यावे. ऑन्टारिओत गाडीच्या विम्याचा हप्ता आपल्या पत्त्यावरही अवलंबून असतो आणि ब्रॅम्प्टन हे त्या बाबतीत महागड्या ठिकाणांपैकी एक आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

बसचा एवढा आग्रह का, तेही सांगतो. आमचे कॅनडातले पहिले घर आम्ही नकाशा पाहून घेतले होते. कामाचे ठिकाण गाडीने बारा मिनिटांवर दिसत होते आणि गाडी आमच्याकडे नव्हती. रविवारी बस तासाला एक येई. जानेवारीतल्या एका रविवारी आमच्या डोळ्यांदेखत ती निघून गेली, आणि पुढची येईपर्यंत माझी पत्नी धाकट्याला स्वतःच्या कोटाच्या आत घेऊन, बटणे लावून, वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली होती. त्यानंतर फेब्रुवारी संपेपर्यंत ती एकटी कधी बाहेर पडली नाही. शहर वाईट नव्हते. आम्ही घराची जागा चुकीची निवडली होती. म्हणून करारावर सही करण्याआधी आपल्या पत्नीने त्या घरापासून सर्वांत जवळच्या फार्मसीपर्यंत आणि शाळेपर्यंत एकटीने, बसने, संध्याकाळी जाऊन यावे.

परवाना हाती आल्यावर कॅलगरीचा विचार पुन्हा अवश्य करावा. आल्बर्टाने २००७ पासून फार्मासिस्टना औषधे लिहून देण्याचा अधिकार दिला आहे, आणि या व्यवसायाला इतकी व्याप्ती फार थोड्या ठिकाणी आहे. एका प्रांताचा परवाना असलेल्याला दुसऱ्या प्रांतात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये, अशी तरतूद २०१७ मध्ये अमलात आलेल्या कॅनडाच्या आंतरप्रांतीय व्यापार करारात आहे.

प्रश्न : मी कारखान्यात मेंटेनन्स फिटर आहे. सस्कॅचेवान प्रांताच्या नामांकनामुळे माझा अर्ज मंजूर होण्याच्या मार्गावर आहे. तेथील सस्काटून शहरात ओळखीचे कोणी नाही. सरळ टोरंटोला उतरलो तर चालेल का? एजंट म्हणतो, कोणी विचारत नाही.

उत्तर : एजंटचे ऐकू नये. कॅनडाच्या १९८२ च्या हक्कांच्या सनदेतील सहाव्या कलमाने कायम निवासींना कोणत्याही प्रांतात राहण्याचा आणि उपजीविका करण्याचा हक्क दिला आहे, हे खरे आहे. पण एक्स्प्रेस एन्ट्रीत नामांकनाचे, म्हणजे प्रांताने आपली निवड केल्याचे, ६०० गुण मिळतात ते ‘मी या प्रांतात राहणार आहे’ या आपल्या लेखी शब्दावर. तो शब्द देतानाच मनात टोरंटो असेल, तर ती खोटी माहिती ठरते, आणि खोटी माहिती सिद्ध झाल्यास कायम निवास जाऊन पाच वर्षांची प्रवेशबंदी येऊ शकते. प्रामाणिकपणे जाऊन, काम शोधून, ते न मिळाल्यामुळे पुढे दुसरीकडे जाणे ही निराळी गोष्ट आहे.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी आपल्या व्यवसायाला सस्काटून टोरंटोपेक्षा चांगले आहे, असे मला वाटते. जगातील पोटॅशचे सर्वांत मोठे साठे त्या प्रांतात आहेत आणि सस्काटूनच्या आसपास त्याच्या खाणी व प्रक्रियेचे कारखाने आहेत. अखंड चालणाऱ्या या यंत्रांना आपल्यासारखे हात लागतात. आपल्या कामाला तेथे मिलराइट किंवा इंडस्ट्रियल मेकॅनिक म्हणतात. जाहिराती शोधताना हेच शब्द वापरावेत, ‘मेंटेनन्स फिटर’ लिहून फारसे काही हाती लागणार नाही. हा रेड सील योजनेतील व्यवसाय आहे. ती परीक्षा उत्तीर्ण झालात की आपले कौशल्य सर्व प्रांतांत मान्य होते. भारतातील मालकाकडून कामाचे तास, यंत्रांची नावे आणि प्रत्यक्ष केलेली कामे यांचे तपशीलवार पत्र निघण्यापूर्वीच घ्यावे, कारण परीक्षेला बसण्याची पात्रता त्यावरूनच तपासली जाते आणि परदेशातून असे पत्र मिळवताना माणूस मेटाकुटीला येतो.

प्रश्न : आम्ही एक्स्प्रेस एन्ट्रीतून अर्ज केला आहे. मोठ्या शहरांत माँट्रिअलला भाडे कमी असल्याचे ऐकतो. मुलगा तेरा वर्षांचा असून इंग्रजी माध्यमात शिकतो. माँट्रिअल योग्य ठरेल का?

उत्तर : नाही, आणि याची दोन कारणे आहेत. केंद्र सरकारशी झालेल्या १९९१ च्या करारानुसार माँट्रिअलचा प्रांत क्वेबेक आपले आर्थिक स्थलांतरित स्वतः निवडतो, त्यामुळे एक्स्प्रेस एन्ट्रीच्या अर्जदाराचा हेतू क्वेबेकबाहेर राहण्याचा असावा लागतो. मागच्या पत्राला दिलेले उत्तर येथेही लागू आहे.

दुसरे कारण आपल्या मुलाचे. १९७७ च्या फ्रेंच भाषेच्या सनदेनुसार नव्या स्थलांतरितांच्या मुलांना सरकारी शाळेत फ्रेंच माध्यमातूनच शिकावे लागते. त्यांच्यासाठी स्वागत वर्ग असतात आणि सहा-सात वर्षांची मुले वर्षभरात फ्रेंच बोलू लागतात, हे मी पाहिले आहे. क्वेबेकमध्ये माध्यमिक शाळा अकरावीला संपते. म्हणजे तेराव्या वर्षी गेलेल्या मुलाला इतिहास आणि विज्ञान नव्या भाषेत लिहिता येण्याइतकी तयारी जेमतेम तीन-चार वर्षांत करायची असते, आणि तीही नेमकी मित्र जोडण्याच्या वयात. ज्याचा मार्ग सर्वांत खडतर त्याच्या सोयीने शहर निवडावे, असे वर म्हटले. आपल्या घरात ती व्यक्ती आपला मुलगा आहे. क्वेबेकच्या सीमेलगतच्या ऑटावाचा विचार करावा. तेथे इंग्रजी शाळा आहेत, त्यांत फ्रेंच चांगले शिकवले जाते, आणि मुलाला ती भाषा हळूहळू, न घाबरता आपलीशी करता येईल. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांवर मात्र सुरुवातीला भिस्त ठेवू नये. त्यांपैकी अनेक जागांसाठी दोन्ही भाषा याव्या लागतात.

प्रश्न : माझे काम कोठूनही करता येते. ७१ वर्षांची आई सुपर व्हिसावर (आई-वडील व आजी-आजोबांसाठीच्या दीर्घ भेटीच्या व्हिसावर) आमच्याबरोबर राहील. तिला थंडीची भीती वाटते. व्हँकुव्हर की कॅलगरी?

उत्तर : दोन्हींपेक्षा व्हिक्टोरिया, असे मी सुचवेन. वृद्धांच्या बाबतीत थर्मामीटरवरचा आकडा मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. पायाखाली काय आहे, ते पाहावे. कॅलगरीत हिवाळ्यात ऊन भरपूर असते आणि चिनूक नावाचे उबदार वारे काही तासांत बर्फ वितळवतात, पण रात्री तेच पाणी पदपथावर काचेसारखे गोठते. माझी आई विनिपेगला आमच्याकडे आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात दारातल्या तीन पायऱ्यांवर तिचा पाय घसरला. दुखापत झाली नाही, परंतु एप्रिलपर्यंत ती खिडकीपाशी बसून राहिली. दुहेरी काचेला हात लावून ‘आज किती?’ एवढेच विचारायची. तिला तेथे थंडीच्या दिवसांत आणण्याचा निर्णय माझा होता आणि तो मला आजही सलतो.

व्हँकुव्हरला गोठवणारी थंडी क्वचित पडते, मात्र नोव्हेंबरपासून संततधार असते आणि घरभाडे देशात सर्वाधिक असलेल्या शहरांत त्याची गणना होते. व्हिक्टोरिया त्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, व्हँकुव्हर बेटाच्या दक्षिण टोकाला आहे. अमेरिकेतील ऑलिंपिक पर्वतांच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे तेथे व्हँकुव्हरच्या साधारण निम्मा पाऊस पडतो. निवृत्तांचे शहर म्हणून ते ओळखले जाते, त्यामुळे पदपथ, बाक, उद्याने आणि बसगाड्या वृद्धांना सोयीच्या आहेत. भाडे तेथेही कमी नाही, आणि मुख्य भूमीवर जायचे तर फेरीबोटीत दीड तासाहून अधिक वेळ जातो. पण काम घरातून करणाऱ्याला त्याची अडचण रोजची नाही. घर पाहताना आईच्या चालीने चालून बघावे : वाटेत बसायला बाक आहे का, रस्ता ओलांडण्याचा दिवा तेवढा वेळ पुरतो का, चढ किती आहे.

सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, पण आईला प्रांताचा आरोग्य विमा मिळत नाही. किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा खासगी वैद्यकीय विमा अर्जाबरोबरच दाखवावा लागतो. आपल्यालाही तो काही काळ घ्यावा लागेल, कारण ब्रिटिश कोलंबियात प्रांतिक विमा पोहोचल्याचा उरलेला महिना आणि पुढचे दोन महिने संपल्यावर सुरू होतो. त्यामुळे विमानाची तारीख आपल्या हाती असेल, तर महिन्याच्या सुरुवातीला पोहोचण्याऐवजी अखेरच्या दिवसांत पोहोचावे. प्रतीक्षा जवळजवळ महिन्याने कमी होते. आईला मात्र तेव्हाच बरोबर नेऊ नये. आपण आधी जाऊन घर लावावे आणि तिला मे महिन्यात बोलवावे, म्हणजे पहिला हिवाळा येईपर्यंत तिला शेजारची माणसे आणि बागेची वाट ओळखीची झालेली असेल.