जर्मनीत राहणाऱ्या आणि सतत दौऱ्यावर असणाऱ्या वादकानं मित्रांना घरी राहायला बोलावताना काय काय बघावं?

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही तबलावादक, लाइपझिगमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांच्या घरात राहता, महिन्यातले दहा-बारा दिवस फिरतीवर असता. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुण्याहून दोन वादक मित्र सहा आठवडे येणार आहेत, आणि त्यातले बरेच दिवस तुम्ही घरी नसाल. कायदा, रियाज, घर यांत काय सांभाळायचं?

तुम्ही घरी असलात तर यातले निम्मे प्रश्न उठतच नाहीत. शेजारी तुम्हाला ओळखतात, दार तुम्ही उघडता, दहा वाजले की तुम्हीच तबला झाकता. अडतं ते तुम्ही गाडीत आणि मित्र घरात एकटे, तेव्हा. त्या हिशेबानंच लिहितो.

आधी घरमालक. पाहुणे ठेवायला जर्मनीत घरमालकाची परवानगी लागत नाही. भाडेकरारात सरसकट मनाई छापलेली असली तरी ती टिकत नाही. साधारण सहा ते आठ आठवड्यांपर्यंतचा मुक्काम 'बेझूख', म्हणजे भेट, धरला जातो. पण त्यात तुम्ही स्वतः तिथे राहताय हे गृहीत असतं. चार दिवसांचा दौरा कुणी मोजत नाही. तुम्ही सलग तीन आठवडे बाहेर आणि घरात हे दोघंच, असं झालं तर घर दुसऱ्याच्या ताब्यात दिलं असा अर्थ निघू शकतो, आणि त्याला परवानगी लागते. ती नसेल तर आधी 'आबमानुंग', म्हणजे लेखी ताकीद येते. प्रकरण करार रद्द होण्यापर्यंतही जातं. म्हणून लांब दौरा असेल तर आधीच तीन ओळींचा ईमेल पाठवा: नावं, तारखा, पैसे घेत नाही. मित्रांकडून रात्रीमागे ठरावीक रक्कम घेतली की ते पोटभाडं. आपला मित्र हातात काहीतरी कोंबल्याशिवाय राहणार नाही, तेव्हा आठवड्याचं वाणसामान त्याला भरू द्या. बँकेतून 'रूम रेंट' असा शेरा लिहून पैसे मात्र पाठवू देऊ नका.

परदेशात राहणाऱ्या पाहुण्याला तीन महिन्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी पत्त्याची नोंदणी करावी लागत नाही. सहा आठवड्यांसाठी रातहाउसची, म्हणजे नगरपालिकेची, वारी नको.

आता दार. हा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात आणि सगळ्यात महागात तोच पडतो. इथल्या बहुतेक फ्लॅटच्या दाराला बाहेरून फिरणारी मूठ नसते, नुसता गोळा असतो. दार ओढलं की बंद, किल्ली आत राहिली तर तुम्ही जिन्यात. रात्री किंवा रविवारी किल्लीवाला बोलावला की जादा आकार लागतो, आणि इंटरनेटवर जाहिरातीत पहिला दिसणारा बहुधा सगळ्यात लुबाडणारा असतो. फोनवरच येण्या-जाण्यासह एकूण रक्कम ठरवून घ्यायची, मगच बोलवायचं. दुसरी गंमत उलटी: मित्रानं आतून किल्ली कुलपात तशीच ठेवली तर साध्या कुलपात तुमची किल्ली बाहेरून चालत नाही. रात्री दीडला दौऱ्यावरून तुम्ही परतता, मित्र गाढ झोपलेला, फोन सायलेंटवर. दारावर आतून, डोळ्यासमोर येईल असा मराठीत कागद चिकटवा: 'किल्ली कुलपात ठेवू नका, बाहेर जाताना खिशात घ्या.' आतून किल्ली असतानाही बाहेरून उघडणारा सिलिंडर मिळतो. फ्लॅटचं कुलूप इमारतीच्या सामायिक कुलूपव्यवस्थेत नसेल तर तो स्वतः बसवता येतो. जुना सिलिंडर जपून ठेवा, घर सोडताना परत लावायचा असतो.

ज्या किल्लीनं इमारतीचं मुख्य दारही उघडतं ती हरवली तर सगळी कुलपं बदलायचा खर्च मागितला जाऊ शकतो. प्रत्यक्षात कुलपं बदलली तरच तो द्यावा लागतो, असं सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं २०१४ मध्ये ठरवलं आहे. तुमच्या 'हाफ्टफ्लिश्ट', म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानभरपाईच्या, विम्यात किल्ली हरवण्याचं कलम आहे का आणि ते पाहुण्याच्या हातून हरवलेल्या किल्लीला लागू आहे का, हे आधी विचारून घ्या. किल्लीच्या जुडग्यावर पत्ता लिहू नका. एक जास्तीची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवा. आणि बेलवर फ्लॅट नंबर नसतो, आडनाव असतं. मित्रांना ते आडनाव जसं लिहिलंय तसं पाठवा.

रियाजाचं. रात्री २२ ते सकाळी ६ शांतता, हे पक्कं. अनेक इमारतींच्या 'हाउसऑर्डनुंग'मध्ये, म्हणजे घरनियमांत, दुपारी १३ ते १५ हीसुद्धा शांततेची वेळ असते, तुमची वाचून घ्या. किती तास वाजवायचं याचा अंदाज आउग्सबुर्गच्या एका ट्रम्पेटवादकाच्या खटल्यातून मिळतो. २६ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात न्यायालयानं ढोबळ माप दिलं: कामाच्या दिवशी २ ते ३ तास, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी १ ते २ तास. धंदेवाईक वादकाला हौशी वादकापेक्षा जास्त सवलत नाही, असंही त्यात आहे. तो खटला भाडेकरू आणि घरमालक यांच्यातला नव्हता, शेजाऱ्यांमधला होता. भाडेकरूला आधी आपला करार बघावा लागतो. माझा सल्ला: हे तास माणशी न धरता घराचे धरा. तिघं वादक म्हणून नऊ तास होत नाहीत. सकाळी १० ते १२ आणि संध्याकाळी १७ ते १८, एवढं ठरवा आणि मित्र येण्याच्या आठवडाभर आधी जिन्यात चिठ्ठी लावा: कोण येतंय, कुठल्या तारखांना, किती ते किती, तुमचा फोन नंबर. तक्रार आधी तुमच्याकडे आली तर ती घरमालकापर्यंत सहसा पोचत नाही.

लाइपझिगच्या जुन्या इमारतींत लाकडी तुळयांचे मजले असतात, वरून फळ्यांची जमीन. दायाँचा, म्हणजे उजव्या तबल्याचा, आवाज हवेतून जातो, तो दार-खिडकी बंद केली की बराच कमी होतो. डाव्या हाताच्या डग्ग्याचा घुमारा आणि थापेचा हादरा जमिनीतून खाली उतरतो आणि नुसत्या गालिच्यानं तो थांबत नाही. वॉशिंग मशीनखाली घालतात ती जाड रबरी चटई, दोन सेंटीमीटरची मिळाली तर उत्तम, तिच्यावर १८ मिलिमीटरचं प्लायवूड, एक मीटर गुणिले दीड मीटर, त्यावर सतरंजी. प्लायवूड भिंतीला टेकलं की सगळी मेहनत वाया, कारण हादरा रबराला वळसा घालून भिंतीतून जातो. दोन बोटं अंतर सोडा. खोलीच्या कोपऱ्यात बसू नका, तिथे खर्ज फुगतो. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवून काहीही होत नाही. मित्रांना रोज चार तास हवेच असतील तर प्लाग्विट्झ भागातल्या जुन्या कारखान्यांच्या इमारतींत सरावाच्या खोल्या असतात, तिथे एखादी वाटून घ्या.

ऑक्टोबरमध्ये हीटर सुरू होतात आणि वाद्यांचे हाल सुरू होतात. कारण साधं आहे. बाहेर शून्य अंश आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत जेमतेम चार ग्रॅम पाणी असतं. तीच हवा खोलीत २१ अंशांवर आली की आर्द्रता वीस-बावीस टक्क्यांवर येते. घरातल्या माणसांच्या श्वासानं आणि स्वयंपाकानं ती थोडी वर जाते, तरी तीसच्या आसपास राहते. पुणेरी हवेत ओढलेली पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, अशा हवेत आणखी ताणली जाते, सूर चढतो, गजऱ्यापाशी (कडेच्या वेणीपाशी) चिरते, शाईचे (मधल्या काळ्या थराचे) कण सुटतात. तंबोऱ्याचा भोपळा जोडापाशी तडकतो. दहा युरोच्या आत आर्द्रतामापक मिळतो, तो वाद्यांच्या खोलीत ठेवा आणि काटा ४५ ते ५५ मध्ये राहील असं बघा. विमानात बसण्याआधीच मित्रांना गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) वर सरकवून सूर सैल करायला सांगा, आल्यावर वाद्य पिशवीत एक दिवस तसंच राहू द्या. हीटरशेजारी किंवा बाहेरच्या भिंतीला लागून वाद्य ठेवायचं नाही. सूर लावायची हातोडी चेक-इन सामानात. केबिन बॅगेत असली तर सुरक्षा तपासणीत जाते.

याच्या उलट टोकाला बुरशी. भारतातून आलेला पाहुणा खिडकी वरून तिरकी उघडी ठेवतो आणि हीटर पाचवर लावतो. त्यानं भिंत गार पडते, तिच्यावर पाणी जमतं, बुरशी येते, आणि बिलही. खिडक्या पूर्ण उघडून पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, त्या वेळी हीटर बंद. हीटरच्या खटक्यावरचा ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर ठेवल्यानं खोली लवकर तापत नाही, जास्त तापते.

व्हिसा. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी. शुल्क ९० युरो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. मुक्काम कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. तुमचं साधं निमंत्रणपत्र आणि मित्राचे स्वतःचे बँक तपशील पुरेसे असतील तर तेवढ्यावरच भागवा. त्याच्याकडे पैसे दाखवायला नसतील तर 'फेअरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग' हे हमीपत्र परदेशी नागरिक कार्यालयातून करावं लागतं. शुल्क २९ युरो. सही करण्याआधी समजून घ्या: मित्राच्या राहण्याचा, दवाखान्याचा, वेळ आली तर परत पाठवण्याचाही खर्च तुमच्या माथी येतो आणि ही जबाबदारी पाच वर्षांची असते. वादकाचं उत्पन्न दर महिन्याला वेगळं, त्यामुळे तीन महिन्यांच्या बँक उताऱ्यावर काम होईल असं धरू नका. आयकराचा शेवटचा 'श्टॉयरबेशाइड', म्हणजे कर-आकारणीचा आदेश, बरोबर न्या. मूळ कागद मुंबईला किंवा पुण्याला अर्जाबरोबर लागतो, कुरिअरचे दिवस मोजा.

आणि मोह होतोच: मित्र आलाच आहे तर एक कार्यक्रम करू. भेटीच्या व्हिसावर मानधन घेऊन वाजवू नये. कार्यक्रम आधीपासून मनात असेल तर अर्जातच सांस्कृतिक कारण लिहून आयोजकाचं पत्र जोडा. परदेशी कलाकाराच्या मानधनातून आयोजक १५ टक्के कर आणि त्या करावर ५.५ टक्के अधिभार कापतो, म्हणजे १,००० युरोंमागे १५८ युरो २५ सेंट. एका कार्यक्रमाचं मानधन २५० युरोंपर्यंत असेल तर कपात नाही. आयोजक म्हणेल, तिघांचं बिल तुम्हीच द्या. तसं केलंत की मित्राला पैसे देणारे तुम्ही ठरता आणि कपातीची जबाबदारी तुमच्याकडे सरकू शकते. प्रत्येकाचं बिल वेगळं घ्या.

कस्टम्स: मित्र स्वतःचं वाद्य आणतोय आणि परत नेणार आहे, तर खरेदीची पावती आणि वाद्याचे फोटो फोनमध्ये पुरेत. 'येताना माझ्या विद्यार्थ्यांसाठी दोन जोड्या आण' असं मात्र सांगू नका. विमानानं येणाऱ्याला असलेली ४३० युरोंची सूट वैयक्तिक सामानाला आहे, विकायच्या मालाला नाही. खाण्यात तूप, पेढे, श्रीखंड, कुठलेही दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ चालत नाहीत. कढीपत्ताही प्रमाणपत्राशिवाय नाही. पोहे, गोडा मसाला, कोकम, चकल्या बिनधास्त.

विमान फ्रँकफर्टला उतरणार असेल तर पुढच्या रेल्वेचं स्वस्त 'श्पारप्राइस' तिकीट ठरावीक गाडीलाच बांधलेलं असतं. विमान उशिरा आलं तर ते वाया जातं, कारण उशीर रेल्वेचा नाही. तीन तास मोकळे सोडा किंवा लवचिक तिकीट घ्या. रेल्वेमुळेच पोचायला वीस मिनिटं किंवा अधिक उशीर होणार असेल तर ते बंधन सुटतं; हे तुमच्याही दौऱ्यांत उपयोगी. देशभरच्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांचा पास, डॉइचलांड-तिकीट, २०२६ पासून महिना ६३ युरो, पण आयसीई या वेगवान गाड्यांत चालत नाही आणि ते वर्गणी असतं: त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढचा महिना लागतो. मित्र पुण्याला परतल्यावर खात्यातून पैसे जातात ते यामुळे.

स्वयंपाकघरात सांगायची एकच गोष्ट: फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराचं दार बंद. झाक्सनमध्ये, म्हणजे लाइपझिगच्या राज्यात, झोपायच्या खोल्यांत आणि बाहेर पडायच्या पॅसेजमध्ये धूरसूचक सक्तीचे आहेत, आणि मोहरी तडतडली की पॅसेजमधला वाजतो. उदबत्ती त्याच्याखाली लावू नका. बाथरूमच्या फरशीला मोरीसारखा उतार नसतो आणि जमिनीत जाळी नसते; पडद्याबाहेर सांडलेलं पाणी खालच्याच्या छतातून बाहेर पडतं.

तुमच्या तारखांत दोन सुट्ट्या येतात: ३१ ऑक्टोबर आणि नोव्हेंबरातला एक बुधवार, 'बूस उंड बेटटाग', जो फक्त झाक्सनमध्येच सुट्टीचा असतो. दोन्ही दिवशी दुकानं रविवारसारखी बंद, रियाजाचे तासही रविवारचे. अशा वेळी मुख्य रेल्वे स्टेशनातली काही खाण्यापिण्याची दुकानं उघडी सापडतात.

मित्रांपैकी कुणी हार्मोनियम आणत असेल आणि इथल्या पियानोवादकाबरोबर बसायचा बेत असेल तर आधी स्वर विचारून घ्या. हार्मोनियम बहुधा ४४० हर्ट्झवर असते, इथले पियानो ४४२ च्या आसपास, काही वाद्यवृंद ४४३ वर. ४४० आणि ४४२ मधला फरक आठ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), लांब धरलेल्या षड्जात तो लहरतो, आणि हार्मोनियम जागेवर मिळवता येत नाही. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड असेल तर त्याला ४४० वर आणता येतं.