'ला' दिसला म्हणजे अप्रत्यक्ष कर्मच का?

प्रश्न : माझी मुलगी नुकतीच इंग्रजी व्याकरण शिकू लागली आहे. मराठी अर्थात ज्या शब्दाला 'ला' लागतो ते अप्रत्यक्ष कर्म, अशी युक्ती मी तिला सांगितली होती. 'ही गेव्ह हर अ पेन' या वाक्यात ती लागू पडली. पण 'ही सॉ हर' या वाक्यातही तिने 'हर' हे अप्रत्यक्ष कर्म मानले आणि उत्तर चुकले. दोन्हीकडे मराठीत 'तिला'च येते. मग फरक कोठे आहे?

उत्तर : चूक मुलीची नाही, युक्तीची आहे, आणि ती इतकी सर्रास सांगितली जाते की तिचा नीट उलगडा करणे आवश्यक वाटते. मराठीत द्वितीया आणि चतुर्थी या दोन्ही विभक्तींचे प्रत्यय सारखेच आहेत. त्यामुळे 'त्याने तिला पाहिले' यात ज्या व्यक्तीवर पाहण्याची क्रिया थेट घडली तिलाही, म्हणजे प्रत्यक्ष कर्मालाही, 'ला' लागतो आणि 'त्याने तिला पेन दिला' यात जिच्याकडे पेन गेला तिलाही, म्हणजे अप्रत्यक्ष कर्मालाही, 'ला'च लागतो. प्रत्यय एक, कामे दोन. म्हणून केवळ 'ला' पाहून कर्माचा प्रकार ठरवता येत नाही.

सुरुवात कर्मे मोजण्यापासून करावी. प्राथमिक पातळीवरील वाक्यात कर्म एकच असेल, तर ते प्रत्यक्ष कर्म समजावे, मग ते माणूस असो वा वस्तू. 'ही सॉ हर' यात कर्म एकच आहे, म्हणून 'हर' हे प्रत्यक्ष कर्म. कर्मे दोन असतील तेव्हाच दुसरा प्रश्न उद्भवतो. 'द टीचर गेव्ह द बॉय अ नोटबुक' हे वाक्य घ्या. येथे आधी 'काय दिले?' असे विचारावे. उत्तर येते 'वही'. एका हातातून दुसऱ्या हातात गेली ती वही, म्हणून 'नोटबुक' हे प्रत्यक्ष कर्म. त्यानंतर 'ती कोणाला मिळाली?' असे विचारले की 'बॉय' हे अप्रत्यक्ष कर्म हाती लागते. हा क्रम उलटा करू नये, कारण 'कोणाला?' हा प्रश्न आधी विचारला की मूल पुन्हा त्याच 'ला'च्या मागे जाते.

मराठी मुलांना आणखी एक पडताळा आयता मिळालेला आहे आणि तो फारसा वापरला जात नाही, याचे मला वाईट वाटते. वाक्याचा अर्थ मराठी भूतकाळात सांगून क्रियापद कोणाच्या मागे जाते ते पाहावे. शिक्षकाने मुलाला वही दिली, चेंडू दिला, पुस्तक दिले. वस्तू बदलली की क्रियापद बदलते. पण 'मुलाला'च्या जागी 'मुलीला' किंवा 'मुलांना' घातले तरी 'वही दिली' हे जसेच्या तसे राहते. क्रियापद ज्याच्या लिंग-वचनाप्रमाणे चालते ते येथे प्रत्यक्ष कर्म. मात्र 'मुलीला पाहिले' अशा भावे प्रयोगात हा पडताळा चालत नाही, कारण तेथे क्रियापद कोणाच्याच मागे जात नाही. पण तेथे कर्म एकच असल्यामुळे त्याची गरजही पडत नाही.

प्रश्न : मराठीत 'मुलाला वही दिली' आणि 'वही मुलाला दिली' ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. इंग्रजीत शब्दांची अदलाबदल केली की मध्ये 'टू' का घालावा लागतो?

उत्तर : मराठीत शब्द कोठेही बसला तरी प्रत्यय त्याची ओळख सांगतो. आजच्या इंग्रजीत नामाला असा प्रत्यय नाही, म्हणून तेथे ओळख जागेवरून ठरते : क्रियापदानंतर आधी घेणारा, मग वस्तू. वस्तू पुढे आणायची असेल, तर घेणाऱ्याच्या आधी 'टू' घालून 'गेव्ह अ नोटबुक टू द बॉय' असे म्हणावे लागते. सुमारे १००० वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मात्र विभक्तीची रूपे होती. 'त्याला' या अर्थी प्रत्यक्ष कर्मासाठी 'हिने' आणि अप्रत्यक्ष कर्मासाठी 'हिम' अशी वेगळी सर्वनामे वापरत. पुढे 'हिने' मागे पडले आणि दोन्ही कामे 'हिम'वर आली.

'गिव्ह', 'सेंड', 'शो', 'टीच' यांच्याबरोबर 'टू' येतो. 'बाय', 'मेक', 'कुक' यांच्याबरोबर 'फॉर' येतो, कारण तेथे वस्तू कोणासाठी तरी घेतली किंवा केली जाते. 'टू' जोडलेल्या शब्दाला काही व्याकरणपुस्तके अप्रत्यक्ष कर्म म्हणतात, काही म्हणत नाहीत. मुलांनी आपल्या पाठ्यपुस्तकातील पद्धत पाळावी. वस्तूऐवजी सर्वनाम असेल, तर 'गिव्ह इट टू हिम' हीच रचना शिकवावी.

प्रश्न : 'आस्क टू हिम' आणि 'एक्सप्लेन हिम द रूल' ही दोन्ही वाक्ये चूक ठरली. एकात 'टू' नको आणि दुसऱ्यात हवा, हे कसे ओळखावे?

उत्तर : ऐकून आणि वापरून, दुसरा खात्रीचा मार्ग नाही. 'आस्क' आणि 'टेल' यांच्यापुढे माणूस थेट येतो : 'आस्क हिम अ क्वेश्चन', 'टेल हिम द ट्रुथ'. 'से', 'एक्सप्लेन', 'डिस्क्राइब', 'सजेस्ट' यांच्यापुढे तो 'टू'शिवाय येत नाही : 'एक्सप्लेन द रूल टू हिम'. मराठीत 'त्याला विचार', 'त्याला सांग', 'त्याला समजावून दे' असे सगळीकडे 'ला'च येत असल्यामुळे आपल्या कानाला हा फरक जाणवत नाही. म्हणून मुलाच्या वहीत 'एक्सप्लेन' हा सुटा शब्द लिहून देऊ नये; 'एक्सप्लेन समथिंग टू समवन' असा पूर्ण सांगाडाच लिहून द्यावा आणि त्याच्याखाली त्याने स्वतःची दोन वाक्ये रचावीत.