राज्यातले सरकारी मेडिकल स्कूल की परराज्यातले खासगी?

अमेरिकेतील मराठी पालकांनी मेडिकल स्कूलच्या प्रवेशासंबंधी विचारलेल्या प्रश्नांपैकी तीन प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलीला रटगर्स या इथल्या सरकारी विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये आणि बॉस्टनच्या एका खासगी मेडिकल स्कूलमध्ये प्रवेश मिळाला आहे. राहण्याखाण्यासह वर्षाचा खर्च अनुक्रमे ७० हजार आणि १ लाख ५ हजार डॉलर आहे. नावासाठी एवढा जास्तीचा पैसा घालावा का?

उत्तर : चार वर्षांत १ लाख ४० हजार डॉलरचा फरक पडतो. तो कर्ज काढून भरला, तर आठ टक्के सरळ व्याज धरूनही तीन वर्षांची रेसिडेन्सी (पदवीनंतरचे रुग्णालयातील प्रशिक्षण) संपेपर्यंत या फरकाचेच २ लाख डॉलर होतात. शिवाय १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ‘ग्रॅड प्लस’ हे पदवीनंतरच्या शिक्षणाचे केंद्रीय कर्ज बंद होत असून, मेडिकलच्या विद्यार्थ्याला केंद्र सरकारकडून वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरच मिळू शकतील. म्हणजे रटगर्ससाठी दरवर्षी २० हजार, तर बॉस्टनसाठी ५५ हजार डॉलर तुम्हाला इतरत्र उभे करावे लागतील. खासगी कर्जाला बहुधा पालकांना सहकर्जदार व्हावे लागते; आणि ना-नफा रुग्णालयात काम करत १२० हप्ते फेडल्यावर उरलेले केंद्रीय कर्ज माफ होण्याची जी सोय आहे, ती या कर्जाला लागू नाही.

आता नावाविषयी. डॉक्टरीच्या परवान्यासाठीच्या ‘स्टेप १’ परीक्षेत जानेवारी २०२२ पासून गुणांऐवजी केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल लागतो, त्यामुळे रेसिडेन्सी देणारे ‘स्टेप २’चे गुण, क्लिनिकल रोटेशनमधील (रुग्णालयाच्या विभागांत आळीपाळीने केलेल्या कामाचे) शेरे, शिफारसपत्रे आणि काही प्रमाणात स्कूलचे नावही पाहतात, हे खरे आहे. परंतु इंटर्नल मेडिसिन किंवा बालरोगशास्त्राकडे जायचे असेल, तर त्या नावाची किंमत २ लाख डॉलर नक्कीच नाही. न्यूरोसर्जरी किंवा त्वचारोगासारख्या चुरशीच्या शाखेचा विचार असेल, तर त्या शाखेची स्वतःची रेसिडेन्सी दोन्हीकडे आहे का आणि विद्यार्थ्यांना तिथे संशोधनात घेतात का, हे मुलीने तिथल्या चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. बॉस्टनकडून भरीव शिष्यवृत्ती आली नाही, तर मी रटगर्सच सुचवीन.

प्रश्न : मुलगा एच-४ व्हिसावर (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबीयांचा व्हिसा) आहे. आमच्याच राज्यातल्या सरकारी स्कूलवर भिस्त ठेवावी का?

उत्तर : ठेवू नये. तो इथेच लहानाचा मोठा झाला असला, तरी अनेक सरकारी मेडिकल स्कूल्स केवळ नागरिकांचे आणि ग्रीन कार्डधारकांचेच अर्ज घेतात. एकविसाव्या वर्षी एच-४ संपल्यावर त्याला बहुधा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल, आणि केंद्रीय कर्ज दोन्ही व्हिसांवर मिळत नाही. त्यामुळे आपल्याकडे चैन समजली जाणारी परराज्यातली खासगी स्कूल्स त्याच्यासाठी मुख्य वाट ठरतात. मात्र त्यांतली काही एक किंवा अधिक वर्षांची फी आधीच राखीव खात्यात भरायला सांगतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी प्रत्येक स्कूलचा नियम लेखी विचारून घ्यावा.

प्रश्न : दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे, पण खासगी स्कूलचे आर्थिक मदतीचे पत्र आलेले नाही. थांबावे का?

उत्तर : अवश्य थांबावे, कारण खासगी म्हणजे महागच असे नाही. न्यूयॉर्कच्या एनवाययू ग्रॉसमन स्कूलने २०१८ मध्ये आणि अल्बर्ट आइन्स्टाइन मेडिकल कॉलेजने २०२४ मध्ये सर्वांची शिकवणी फी माफ केली. जॉन्स हॉपकिन्समध्ये ३ लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना ती माफ आहे. मुलगा तिशीचा असला, तरी अनेक स्कूल्स मदत ठरवताना पालकांचे उत्पन्न विचारतात. ती कागदपत्रे तुमच्याकडून राहिलेली नाहीत ना, हे आधी पाहावे. एका स्कूलचे मदतीचे पत्र दुसऱ्याला दाखवून फेरविचाराची विनंती करण्यात काहीही गैर नाही. आपली माणसे उगीच संकोचतात. ‘एएमसीएएस’ या मेडिकल स्कूल्सच्या सामायिक अर्जसेवेवरून अर्ज केला असेल, तर ३० एप्रिलपर्यंत एकाच ठिकाणी ‘प्लॅन टू एनरोल’ (इथे येण्याचा विचार आहे) निवडावे लागते, तरी इतर प्रतीक्षायाद्यांवर नाव राहते. ‘कमिट टू एनरोल’ (इथे येणे पक्के) निवडल्यावर मात्र त्या याद्यांवरून नाव काढून घ्यावे लागते, म्हणून मदतीचा आकडा कळेपर्यंत तो पर्याय, स्कूलने दिलेल्या मुदतीत बसत असेल तर, निवडू नये.